रविवारच्या आत

गाडी उघडली की गिऱ्हाइकाच्या घरची हकिकत कळते, असा मिस्त्रीचा दावा होता आणि बहुतेक वेळा तो खराही ठरायचा.

"हीटरमधून गार वारा येतोय. काही करा, पण रविवारच्या आत झालं पाहिजे," आजचं गिऱ्हाईक म्हणालं. "गेल्या रविवारी लेक कुडकुडली. अर्ध्या तासात म्हणाली, बाबा, निघू या."

मिस्त्रीने पाणी पाहिलं, पाइप चाचपले. सगळं चांगलं गरम होतं. मग त्याने डॅशबोर्ड खोलला. गरम हवेची झडप पेन्सिलीच्या तुकड्याने अडकली होती. काचेखालच्या जाळीतून तो आत घसरला असणार. त्याच्यामागून एक लाल सोंगटी निघाली, बाहुलीचा बूट निघाला आणि नवाच्या पाढ्याची चिठ्ठीही निघाली.

"वा साहेब! गाडीत शाळाही भरते आणि मधली सुट्टीही होते!" मिस्त्री हसला. "लेकीला फार लाडावून ठेवलंय तुम्ही. तिला सांगा, हा पसारा घरी मांडायचा. घर कशाला असतं?"

गिऱ्हाइकाने सगळ्या वस्तू पुसून खिशात ठेवल्या आणि जाळीपुढे हात धरून ऊब येतेय ना, ते पाहिलं.

"घर तिच्या आईच्या वाट्याला गेलं, मिस्त्री. मी चौघांत एका खोलीवर राहतो. रविवारी दोन तास लेक माझ्याकडे येते, ती इथेच."