अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना

जेसीबी दफनभूमीच्या फाटकाशी येऊन थांबला तेव्हा ख्रिस्ती मंडळीतली माणसं वाटेत आडवी उभी होती आणि सगळ्यांचे डोळे एलिया आप्पांकडे लागले होते. रस्त्याचं वळण सरळ करायचं म्हणून कडेची कबरींची एक रांग जाणार होती. त्या रांगेत दमयंती होती, आप्पांची बायको.

"बाजूला व्हा," आप्पा म्हणाले. "सरकारचा हुकूम आहे."

"आप्पा, तिथं आई आहे," समीक्षा म्हणाली. लेक पालीहून पहिल्या एसटीनं आली होती. "सगळेच हुकूम देवाचे असतात का हो?"

अधिकारी देवानं नेमलेला असतो, त्याचं ऐकावं आणि त्याच्यासाठी देवाकडे मागावं, हे आप्पांनी उभा जन्म मंडळीच्या देवळात सांगितलं होतं. आज ते स्वतःच्या घरावर आलं म्हणून जीभ फिरवायची कशी? दमयंतीच्या अस्थी आतल्या बाजूला हलवायला त्यांनी फणसाच्या फळ्यांची पेटीही करून आणली होती. ती काखेत धरून ते उभे होते, आणि पेटी एवढीशीच पुरणार ह्याचंच त्यांना फार वाईट वाटत होतं.

माणसं कुरकुरत बाजूला झाली. रस्त्याचं काम करून घ्यायला आलेल्या साहेबांचा जीव भांड्यात पडला. घाटावरून नुकतेच बदलून आलेले, वयानं आप्पांच्या नातवासारखे.

"तुमच्यासारखी समजूतदार माणसं हवीत बघा," ते म्हणाले.

"साहेब, एक विनंती होती. सुरू करण्याआधी प्रार्थना करू? तुम्हा अधिकाऱ्यांसाठीच."

"करा की." साहेबांनी उन्हाची टोपी काढून हातात धरली.

इथंच साहेब फसले. आप्पांची अधिकाऱ्यांसाठीची प्रार्थना काय चीज आहे, हे मंडळीला पुरतं ठाऊक होतं. रविवारी ते तिला उभे राहिले, की आज घरचा भात करपणार हे सगळे धरूनच चालत. 'सर्व अधिकारी' असं म्हणून एका दमात मोकळं होणं आप्पांना जमत नसे. ते ज्याचं त्याचं नाव घेत.

आप्पांनी डोळे मिटले. प्रार्थना दिल्लीला निघाली, मुंबईवरून रत्नागिरीत उतरली. एकेका खुर्चीचं नाव घेऊन झालं. पण आमेन काही ओठांवर येईना. आमेन म्हटलं की मशीन सुरू होणार. मग आप्पा मागे वळले आणि होऊन गेलेल्या अधिकाऱ्यांबद्दल देवाचे उपकार मानू लागले.

सरदेसाई मामलेदार नाताळात मागच्या बाकावर येऊन बसायचे आणि दमयंतीच्या करंज्या खाऊनच उठायचे, त्यांच्याबद्दल मानले. फौजदार मुकादमांनी आप्पांना बिनदिव्याच्या सायकलीवरून धरलं होतं. त्या रविवारी दमयंतीनं कोपर मारमारून त्यांचंही नाव घ्यायला लावलं होतं, म्हणून त्यांच्याबद्दलही मानले. ज्या प्रांतसाहेबांनी ह्या जागेभोवती जांभ्याचा गडगा मंजूर केला, त्यांच्यापाशी आप्पा बराच वेळ रेंगाळले. चिरे वाहायला तेव्हा सगळी मंडळी लोटली होती, आणि पदर खोचून दमयंती सगळ्यांच्या पुढे.

"किती चांगले दिवस दिलेस रे, प्रभो," आप्पांचा आवाज ओला झाला. "तेव्हा सरकार चालत यायचं. दारात बसून पाणी मागायचं."

साहेब ह्या पायावरून त्या पायावर भार टाकत होते. त्यांनी जेसीबीवाल्या बाळाला हळूच खूण केली.

"नाय सायेब," बाळा कुजबुजला. "गाऱ्हानं चाललंय त्यांचं. मधीच मशीन नाय चालू करायची." बाळा इथलाच, देवापुढे गाऱ्हाणं चालू असताना कुणी जागचं हलत नाही, हे त्यानं गावच्या देवळात लहानपणापासून पाहिलेलं. त्यानं चावी काढून खिशात टाकली आणि हात जोडले.

अखेर आप्पांची नावं सरली. ते अडखळले.

"तलाठी भाऊसाहेब राहिले, आप्पा," समीक्षा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली.

मग मागून कुणीतरी, "पोस्टमास्तर." आणखी कुणी, "बंदरावरचे कस्टमचे साहेब." मघाशी आप्पांवर चिडलेली माणसं एकेक नाव पुढे करत होती आणि आप्पा प्रत्येकाला प्रार्थनेत जागा देत होते.

ती नावंही संपली. आप्पांनी डोळे उघडले. ते वाहत होते, पण आप्पांनी पुसले नाहीत.

"साहेब, आता फक्त तुमचं राहिलं. तेवढं नाव घेतो, आमेन म्हणतो आणि बाजूला होतो. मग तुमचं काम करा. मी अडवणार नाही."

साहेबांनी जेसीबीकडे पाहिलं. मग कडेच्या रांगेकडे. मग आप्पांच्या काखेतल्या पेटीकडे.

"नाव काय म्हणालात, साहेब?" आप्पांनी अगदी आर्जवानं विचारलं.

साहेबांनी टोपी डोक्यावर चढवली आणि ते गाडीकडे वळले.

"नाव ना," दार उघडता उघडता ते म्हणाले, "नाव सोमवारी सांगतो."