भागाकाराचा तास

“आवाज गोड हाये तुमचा मॅडम, सगळे धडे रेकॉर्ड करून द्या,” असं केंद्रप्रमुख खराटे म्हणाले, तेव्हा रेणुका मॅडम हुरळून गेल्या होत्या. उन्हाळाभर रिकाम्या वर्गात, मोबाईलसमोर एकट्याच शिकवत बसल्या. शाळा उघडली तसा भिंतीवर मोठा टीव्ही लागला आणि पाठोपाठ मॅडमच्या हातात बदलीचा आदेश पडला. पोरं थोडी, धडे तयार. मग शिक्षिका कशाला अडकवून ठेवायची?

आज त्या कपाटातलं सामान न्यायला आल्या, तर व्हरांड्यातच स्वतःचा आवाज कानी पडला. खिडकीतून पाहिलं. पडद्यावर त्या स्वतःच भागाकार शिकवत होत्या, खराट्यांनी सांगितलं होतं तसं हसत हसत.

“समजलं का सगळ्यांना?”

तिसरीतली पुष्पांजली हात वर करून उभी राहिली. “मॅडम, मले नाई समजलं. बाकी काऊन उरली?”

“शाब्बास!” पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या. “चला, आता पुढचं गणित.”

पोरीचा हात वरच. रेणुका मॅडमना ते शाब्बास थोबाडीत बसल्यासारखं लागलं. त्या तरातरा दाराशी गेल्या. शाळा तपासायला आलेले खराटे आडवे आले.

“अंदर कुठी चालल्या?”

“तिला समजलं नाहीये, सर. दोनच मिनिटं जाऊ द्या मला.”

खराट्यांनी दार ओढून घेतलं.

“आता नाई जमत. अंदर मॅडम शिकवून राह्यल्या.”