नव्या जबड्याची तालीम

डॉक्टरीणबाईंनी कळ दाबली आणि पडद्यावर वृंदाताईंचा वाकडा जबडा सरळ झाला. आवाजातला बोबडेपणाही गेला. ऑपरेशनआधी नव्या चेहऱ्याने घरच्यांशी बोलून बघायची इथली रीतच होती.

सहासष्टाव्या वर्षी त्यांना एकदा तरी भाकरी न भिजवता खायची होती. पण भ्रमिष्ट झालेल्या नवऱ्याला, अप्पांना, आता बायकोचा तो वाकडा चेहरा एवढाच ओळखू येत होता. त्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला.

"अहो, जेवलात का?"

अप्पांनी निरखून पाहिलं. "बाई, आमची वृंदा बाहेर गेलीय." मग दबक्या आवाजात म्हणाले, "दिसली तर लवकर धाडा तिला. परक्या माणसांची भीती वाटते हो मला."

वृंदाताईंनी घाईघाईने आपला जबडा चाचपला. वाकडाच होता अजून.