वेक्सलरबाईंकडचं स्थळ

"मुलाला दिसत नाही, ही तुझ्यासाठी जमेचीच बाजू समज," असं म्हणून वेक्सलरबाईंनी मधाच्या केकची बशी टिर्झापुढे सरकवली.

टिर्झाने मान हलवून ते स्थळ नाकारलं, केकही घेतला नाही. शेजारी बसलेल्या तिच्या आईने, योखेवेदने, टेबलाखालून तिचा पाय दाबला. ब्रुकलिनच्या त्या भागातल्या धार्मिक ज्यू घरांतली निम्मी लग्नं वेक्सलरबाईंनी जमवलेली. त्यांच्याशी वाकडं घेणं परवडणारं नव्हतं.

टिर्झा सत्तावीस वर्षांची होती. मुलांच्या इस्पितळात नर्स. शनिवारचा धार्मिक विसावा कडक पाळायची, प्रार्थना पुस्तक न उघडता म्हणायची. घराणं काळ्या ज्यूंचं; तिच्या पणजीपासून घरात शुक्रवारी संध्याकाळचे शब्बाथचे दिवे लागत होते. तरी प्रार्थनामंदिराच्या दारावरचा पहारेकरी नेमकी तिचीच पिशवी उघडून बघायचा, आणि आतल्या बायका प्रेमाने विचारायच्या, "मग तू आपल्या धर्मात कधी आलीस गं?" इस्पितळातल्या काळ्या मैत्रिणी उलट चिडवायच्या, "काय धर्मगुरूबाई, आमच्या डब्यातलं चालत नाही ना आता?" रस्त्यावरच्या पोलिसाला मात्र कधी प्रश्न पडायचा नाही. ती कोण, हे त्याला लांबूनच कळायचं.

"बरं, मागच्या वेळचा तो विधुर का नको म्हणालीस?" वेक्सलरबाईंनी विचारलं.

"ते माझ्या आईपेक्षा मोठे आहेत."

"अनुभवी आहेत. आणि त्याच्या आधीचा?"

"त्याला वाटतं, शेजारी भिंतीतून त्याचे विचार ऐकतात."

"त्या इमारतीच्या भिंती पातळच आहेत गं." वेक्सलरबाईंनी डोक्यावरचा केसांचा टोप नीट केला. "हे बघ पोरी, माझ्या मनात काही नाही. पण मुलांच्या आया तुझं सगळं ऐकून घेतात, खूश होतात आणि फोटो पाहिला की गप्प बसतात. मी तरी काय करू? आता हे शेवटचं. याला नाही म्हणालीस तर मी हात टेकले."

त्यांनी खणातून एक फोटो काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"वकील आहे. फिलाडेल्फियाला असतो. तिथल्या मध्यस्थबाईंनी कालच पाठवलाय. उंच, देखणा, आणि मुख्य म्हणजे तुझ्यासारखाच."

"माझ्यासारखा म्हणजे?"

"म्हणजे... धार्मिक."

त्यांनी फोटो उलटा केला. टिर्झा बघतच राहिली. योखेवेदने पर्समधून चष्मा काढून लावला.

"आणि गंमत ऐका," वेक्सलरबाई रंगात आल्या होत्या. "मुलाच्या आईचं नावसुद्धा योखेवेद! हे नाव काय रोज कानावर पडतं? याला म्हणतात योग!"

"हा माझा मुलगा आहे," योखेवेद म्हणाली.

"काय?"

"एल्काना. माझ्या पहिल्या नवऱ्यापासूनचा. आडनाव वेगळं आहे, पण हिचा भाऊ आहे."

वेक्सलरबाईंनी फोटोकडे पाहिलं, मग टिर्झाकडे. "तरीच मी म्हणत होते, जोडा कसा एकाला एक दिसतोय." त्यांनी फोटो घाईघाईने खणात ढकलला. "आता मात्र माझा नाइलाज आहे बाई. तुमच्यातला माझ्याकडे तो एकच होता."

योखेवेद या वस्तीत जन्मभर गोड बोलत आली होती. मुलांना कुणी दुखवू नये म्हणून स्वतः सगळं ऐकून घेत आली होती. तिने केकचा एक तुकडा उचलला आणि सावकाश खाल्ला. मग हात पुसत म्हणाली, "वेक्सलरबाई, तुमच्या मेंडलचं कुठे जमलं का हो?"

मेंडल म्हणजे वेक्सलरबाईंचा एकुलता एक. चौतिशीचा, शाळेत मास्तर. आईने त्याच्यासाठी पाहिलेल्या प्रत्येक मुलीत आईलाच खोट सापडलेली. तो पलीकडच्या खोलीत पोरांच्या वह्या तपासत होता. तिथली खुर्ची करकरली.

"मेंडल?" वेक्सलरबाईंचा चहा सांडला. "त्याला कुठे घाई आहे? तो अजून शिकतोय."

"मी शिकवतो, आई," मेंडल दारात येऊन म्हणाला.

वेक्सलरबाईंनी आवाज खाली आणला, जणू पाहुण्या समोर नव्हत्याच. "अरे, पण ती आपल्यातली नाही..."

"मग इतके दिवस तिला आपल्यातली मुलं कशाला दाखवत होतीस?"

वेक्सलरबाई सांडलेला चहा पुसू लागल्या. मेंडलचे कान लाल झाले होते. तो टिर्झाकडे वळला. "मी रविवारी तुमच्याकडे येऊ का? म्हणजे, तुम्हांला चालणार असेल तर."

टिर्झाने त्याला नीट न्याहाळलं. एवढी स्थळं पाहिली, पण तिला काय चालेल हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"या," ती म्हणाली. "पण आईला घरी ठेवून या."

पुढच्या वसंतात लग्न झालं. वेक्सलरबाईंनी आधी अंथरूण धरलं, मग अबोला धरला, आणि लग्नाच्या दिवशी मात्र सगळ्यांत आधी नटून हजर झाल्या. अँटवर्पहून त्यांचे श्रीमंत नातेवाईक आले होते. त्यांच्या एकेका टेबलाशी जाऊन बाई सांगत होत्या, "सून कुठली म्हणता? अहो, थेट धर्मग्रंथातल्या शेबाच्या आफ्रिकी राणीच्या वंशातली! असं स्थळ मिळवायला मला किती खटपट करावी लागली, माझं मला माहीत."

त्यांची एक हिऱ्यांनी मढलेली मावसबहीण ते ऐकून योखेवेदला गाठायला आली. "खरंच का हो? राजघराणं तुमचं?"

योखेवेदने समोर पाहिलं. वेक्सलरबाई दुरून डोळ्यांनीच विनवण्या करत होत्या.

"हो ना," योखेवेद म्हणाली. "म्हणून तर या स्थळाला होकार द्यायला आम्ही जरा काचकूच करत होतो."