पलीकडच्या खोलीतली घरघर

"टोरंटवर आपली फाइल उतरली की कॉम्प्युटर बंद करून पळायचं नाही. आपला कॉम्प्युटर चालू असेल, तरच आपल्याकडची फाइल पुढच्याला मिळते," हे थोरल्यानेच धाकट्याला शिकवलं होतं. दोघंही स्वतः रचून गायलेली गाणी तिथे टाकायचे. धाकट्याच्या गाण्यांवर लोकांच्या उड्या पडल्या. आई तर येईल त्याला ऐकवायची. थोरल्याच्या पोटात दुखायचं. एकदा तिरमिरीत त्याने आपल्या कॉम्प्युटरवरून स्वतःची सगळी गाणी पुसून टाकली.

पलीकडच्या खोलीतली कॉम्प्युटरची घरघर मात्र थांबेना. शेवटी तो धाकट्याच्या दारात जाऊन उभा राहिला. "तुझी गाणी पोचली की आता जगभर. बंद कर ते धूड."

"माझ्यासाठी नाही चालू ठेवलेलं, दादा," धाकटा म्हणाला. "तुझी गाणी आता एवढ्या एकाच कॉम्प्युटरवर उरलीत."