बाराव्या ताई

"हा पण गेला," असं म्हणत दिरानं यादीतलं अकरावं नाव खोडलं.

वहिनी साच्यावर बूट चढवत होत्या. त्यांचे हात थांबले. "मग राहिलं कोण, भावजी?"

"एकट्या बाराव्या ताई."

दुकान चिमुकलं. ज्यांचा डावा पाय एका मापाचा आणि उजवा दुसऱ्याच, अशांसाठी वहिनी बूट बनवत. रस्त्यावरून आत येणारं गिऱ्हाईक दिवसाला एखादं. बाकी सगळी भिस्त दिरानं काढलेल्या योजनेवर. कुणीही आपल्या पानावर दुकानाची लिंक लावायची, तिथून गिऱ्हाईक आलं की त्याला टक्का. वहिनींनी आधी नाक मुरडलं होतं. पण योजना चालली, शिवणकामाला चार बायका लागल्या आणि वहिनींनी मुरडलेलं नाक गुपचूप सरळ केलं.

मग 'शहामृग' बाजारात उतरलं. बुटांची कंपनी, अवाढव्य, गावोगावी काचेची दुकानं. त्यांनी लिंक लावणाऱ्यांना तिप्पट टक्का देऊ केला आणि एकेकानं पाठ फिरवली. येतो म्हणायचंही कुणाला सुचलं नाही.

तरीही काम आटलं नाही, कारण बाकीचे अकरा जण मिळून जेवढी गिऱ्हाइकं आणत, त्याहून जास्त ताई एकट्या आणत. आणि काय ती गिऱ्हाइकं! कागदावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवा, असं दुकान सगळ्यांनाच सांगे. इतरांची माणसं खुर्चीत बसून रेघा मारत, कुणी मोज्यासकट. ताईंच्या माणसांची पावलं मात्र संध्याकाळी काढलेली असत, कारण पाय सुजतो तो तेव्हा. दुखऱ्या जागी नेमका गोल केलेला असे. एकही जोड परत येत नसे.

वहिनी ते कागद हातात धरून बघत बसत. तीस वर्षं याच कामात काढूनही समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून त्यांना जे काढता येत नव्हतं, ते ही बाई पाय न बघता काढत होती. तिच्यापुढे हात जोडावेत, असं त्यांना अगदी मनापासून वाटे.

'आमच्याबद्दल कसं कळलं?' या रकान्यात बाकीचे लिहीत, 'पाहिलं.' ताईंची माणसं लिहीत, 'ताईंनी ऐकून घेतलं.'

"मोठं प्रस्थ असणार हे," दीर म्हणाला. "टक्कासुद्धा नको म्हणतात. तो गिऱ्हाइकालाच सूट म्हणून द्या, असं पहिल्या दिवशीच कळवलंय. पण तिप्पट म्हटल्यावर कुणाचंही मन फिरतं, वहिनी. ह्या गेल्या, तर आपल्याला गाशा गुंडाळावा लागेल."

"मग मीच जाते. पाय धरायची वेळ आली तरी धरीन. पायांचंच तर खाते मी!"

ताईंचं उत्तर लगेच आलं. जरूर या, फक्त दुपारी एक ते दीडच्या मध्ये.

वहिनींच्या डोळ्यांपुढे दिवे, कॅमेरे, हाताखालची माणसं होती. दार उघडलं ते पन्नाशीच्या एका साध्या बाईनं. गळ्यात हेडफोन, टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी अर्धवट जेवलेला डबा. खोलीत दुसरं काही नव्हतं. वहिनींना उलट जास्तच दडपण आलं. एवढ्याशा खोलीतून ही बाई चार घरं चालवत होती.

"ताई, एवढी माणसं तुमच्याकडे येतात कुठून?"

"मी कुठे बोलावते? फोन करतात. आधी वैतागून बोलतात, मी ऐकते. मग मीच विचारते, उभं राहिल्यावर दुखतं का चालताना? सांगायला लागतात हो माणसं. त्यांना नाही म्हणणं माझ्या जिवावर येतं."

वहिनी मुद्द्यावर आल्या. "स्पष्टच विचारते. शहामृगवाल्यांनी तुम्हालाही गळ घातली असेल ना? आम्ही तिप्पट देऊ शकत नाही. पण तुम्ही गेलात तर आमचं दुकान बसेल."

ताई हसल्या. "त्यांना मी पुरती ओळखते. डाव्या-उजव्याला एकच साचा. तुमचं नाव सांगायचं मी सोडणार नाही, निर्धास्त राहा. तुम्ही फक्त मापं अशीच घेत राहा."

वहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी खरोखरच हात जोडले. ताईंनी ते धरून खाली केले.

"अहो, काय हे! बरं, दीड वाजला. राग मानू नका हं."

ताईंनी डबा सरकवला आणि हेडफोन कानाला लावला. वहिनी दाराशी चपला घालता घालता थांबल्या. ती जादू एकदा आपल्या कानांनी ऐकावी, असं त्यांना वाटलं.

फोन वाजला. ताईंचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला.

"नमस्कार, शहामृग शूज, तक्रार विभाग. बोला, कुठल्या पायाला लागतंय?"