शुक्रवारची इस्त्री

पँटची इस्त्री आजही मोडली नव्हती.

जैतूनने ती दाराशी उजेडात धरून दोनदा पाहिली. जुम्म्याची नमाज पढून आलेल्या माणसाच्या गुडघ्यावर चुण्या पडतातच. बापाच्या पडायच्या, भावाच्या पडायच्या. नवऱ्याची, रुबाबची घडी मात्र तिने सकाळी मारली तशीच कडक.

"मशिदीत गर्दी होती?" तिने विचारलं.

"होती की." लुंगी लावून जेवायला बसलेला रुबाब भाकरी कुस्करत म्हणाला. "बाहेर रस्त्यावर पढलो."

रस्त्यावर पढला, आणि गुडघ्याला धूळ नाही. अत्तराचा वास अजून त्याच्या अंगाला होता.

वरच्या खोलीतल्या रंभाबाईनेच परवा काडी टाकली होती. "व माय जैतून, तुझा नवरा शुक्रवारी तळ्याकडच्या गल्लीत वळतो. मशीद इकडं अन् तो तिकडं. मयुरीचं घर तिकडंच ना?"

मयुरी म्हणजे जैतूनच्या मैत्रिणीची, सुंदराची धाकटी बहीण. सुंदरा वारल्यावर तिचं घर सांभाळायला नंदुरबारहून इथे सुरतला, डिंडोलीत आली, ब्लाऊज शिवू लागली. दात चांगले, म्हणून सारखी हसायची. रुबाबला 'भावजी' म्हणायची. त्या एका शब्दाने जैतूनची झोप गेली होती.

सुंदराचं म्हणाल, तर तिचे उपकार फिटण्यातले नव्हते. आरिफ दोन महिन्यांचा असताना जैतून टायफॉईडने महिनाभर पडली. सुंदराची पोरगी तेव्हा अंगावर पीत होती. तिने एकीकडे पोरीला, एकीकडे आरिफला घेतलं आणि जगवलं.

तीन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा रुबाब तिच्यासाठी दुआ मागावी म्हणून मौलानांना भेटायला गेला. पडलेल्या तोंडाने परत आला.

"ती ईमानवाली नव्हती, तिच्यासाठी मगफिरत, अल्लाची माफी मागता येत नाही म्हणाले. तिच्या पोरीशी मात्र आरिफचं लग्न लागणार नाही, ती त्याची दूधबहीण. दूध मोजतात जैतून, मग दूध पाजणारी का मोजत नाहीत?"

"तोबा करा. पोरगं ऐकतंय," ती म्हणाली होती.

तो विषय परत निघाला नाही. पुढच्या शुक्रवारी रुबाबने टोपी घातली, अत्तर लावलं. जैतूनही पाचही वेळा जानमाज, नमाजची चटई घेऊन आतल्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची. घरी साड्यांना गम लावून टिकल्या चिकटवायचं काम असायचं, तरी एक वेळ चुकली नाही. उलट गल्लीत सगळ्यांच्या आधी साड्या तिच्याच तयार. रंभाबाई म्हणायची, "तुझा अल्ला तुझ्या हाताला बरकत देतो बाई."

आणि हा अत्तर लावून हिंडतो. आपण दाराआड कोंडून घ्यायचं, याने मोकळ्या हवेत फिरायचं. मयुरीच निघाली, तर आरिफला घेऊन यावलला माहेरी निघून जायचं, तिने ठरवून टाकलं.

पुढच्या शुक्रवारी पदर डोक्यावर ओढून ती मागोमाग निघाली. रुबाबने मशीद मागे टाकली. तळ्याकडच्या गल्लीत वळला. मयुरी दारात मशीनवर होती.

"भावजी, चहा?"

त्याने मानेनेच नको म्हटलं आणि पुढे गेला.

तळ्याच्या पायरीवर तो बसला. टोपी काढून खिशात घातली आणि पाण्याकडे बघत राहिला. जैतून भिंतीआड उभी राहून त्या दुसऱ्या बाईची वाट पाहू लागली. अर्धा तास गेला. कोणी आलं नाही. मशिदीतून माणसं परतू लागली, तसा तो उठला, टोपी घातली आणि वळला. समोर जैतून.

"कुठंय ती?"

"कोण ती?"

"जिच्यासाठी अत्तर लावता."

त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "तुझ्यासाठी लावतो. सुंदरा गेल्यापासून माझ्याच्यानं नमाज होत नाही. उभा राहिलो की तीच दिसते, आरिफला मांडीवर घेतलेली. पण तू पाच वेळची नमाजी. तुला कळलं तर पोराला घेऊन जाशील, म्हणून ही टोपी."

जैतून पायरीवर बसली.

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

तिने पदराला चिकटलेली एक टिकली नखाने खरवडून काढली.

"माझी जानमाज एकदा उजेडात धरून बघा," ती म्हणाली. "सगळी गमने कडक झालीय. तीन वर्षं तिच्यावर बसून मी साड्यांना टिकल्याच लावतेय."